कैवारी

बावीस वर्षं दारूखान्यात जहाजं फोडली शांतवननं
आणि कागदावर तो तिथे एक दिवसही नव्हता.

ठेकेदार म्हणतो, भिंगारदिवे नावाचा माणूसच ठाऊक नाही.
हजेरीची वही? भिजली.
मुकादम? गावी गेला गोरखपूरला, परतलाच नाही.
जोडीचा गॅसकटर अलीम? त्याला खोकल्यानं आधीच नेलं.
वांद्र्याच्या कामगार कोर्टात साहेब विचारतात,
‘साक्षीदार कोण?’
आणि आमचे वकील खोपकर फायलीची नाडी
सोडतात, बांधतात, पुन्हा सोडतात.
तारीख मिळते.
नऊ वर्षांत तेवढी एकच गोष्ट मला नियमानं मिळाली.

रविवारी भायखळ्याच्या चर्चमध्ये पाळकबाई म्हणाल्या,
आपला एक कैवारी आहे, पित्याच्या उजवीकडे.
मी मागच्या बाकावर. मांडीवर शिवडीच्या हॉस्पिटलात न्यायचा डबा.
मनातल्या मनात उलटतपासणी चालली होती माझी:
फी किती घेतो?
तारखेला स्वतः येतो, की ज्युनिअर पाठवतो?
त्याला ठाऊक आहे का
जहाजाच्या पोटातली ती पांढरी लोकर,
जिला हे सगळे कापूस म्हणायचे,
जिच्यावर दुपारी डोकं टेकून झोपायचे,
जी मी रोज मोरीत बसून
बनियनमधून झटकून झटकून धुतली,
लेकरू पाठीशी घेऊन?
त्याला खोकला येतो का?

त्या रात्री वॉर्डात
शांतवन बसल्या बसल्या झोपला होता. आडवं होताच येत नव्हतं.
ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे.
खाडीवरून चिखलाचा वास.
मी त्याला पाळकबाईंचं सांगितलं, थोडं चिडूनच.
डोळे न उघडता म्हणाला,
‘अगं, त्याला तर वकीलसुद्धा नव्हता.’
‘कुणाला?’
‘त्याला. रात्रीत उरकली केस.
साक्षीदार आणलेले, तेही खोटे.
सकाळी निकाल, दुपारी अंमल.
एक तारीख नाही मिळाली बिचाऱ्याला.’
मग हसला. हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याचा लाल रुमाल.

रुमाल धुतला.
नळाखाली हात धरून उभी राहिले किती तरी वेळ.
ज्याच्या बाजूनं कुणी उठलं नाही
तो आता आमच्या बाजूनं उठतो म्हणे.
उठून बोलत काय असेल?
कलमं नसणार त्याच्याकडे.
नुसते हात पुढे करत असेल,
आरपार लोखंड गेलेले.
शांतवनच्याही अंगठ्यात पत्र्याची एक कपची होती,
काढू काढू म्हणता राहून गेलेली.

बरं वाटलं, असं नाही.
रागच आला. एवढा मोठा कैवारी
आणि खाली इतका उशीर.
तो रागही मग मी प्रार्थनेतच बोलून टाकला,
दुसरं कुठे बोलणार.

मार्चमध्ये गेला तो, एका बुधवारी.
पुढची तारीख सोमवारची होती.

पुकारा झाला,
‘शांतवन यशवंत भिंगारदिवे!’
खोपकर उठायच्या आत मी उठले.
‘हजर,’ म्हणाले.
कारकुनानं मान वर केली. ‘कुठाय?’
मी आभाळाकडे बोट नाही दाखवलं.
पिशवीतून एक्स-रे काढला
आणि खिडकीच्या उजेडात धरला:
दोन फुप्फुसं,
आणि त्यांच्यावर बारीक पांढऱ्या रेघांनी लिहिलेली
बावीस वर्षांची हजेरी.
एक खाडा नाही.

साहेबांनी चष्मा पुसला.
पंख्याच्या वाऱ्यानं फिल्म फडफडत होती,
मी एका हातानं धरलेली,
आणि मग का कोण जाणे थांबली,
पलीकडचा कोपरा कुणीतरी धरावा तशी.

एकोणीस जून.
आम्ही लिहून घेतली.